शिंगावरची आण

जिवा आणि मी एकाच उतारावर गाडी हाकायला शिकलो. जव्हारहून मोखाड्याकडे निघालं की तो लागतो. पुढे जिवा संस्थानच्या मोटारीवर गेला, खाकी कोट घालू लागला, आणि मी साखरशेत गावात माझ्या काळ्या-ढवळ्या बैलांच्या शेपट्यांमागेच राहिलो. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. उलट बाजारात छाती फुगवून सांगायचो, तो मोटारवाला आपला हाय म्हणून.

त्यामुळे तो दारात आला तेव्हा माझ्या बायकोनं, राहीनं, त्याला नाचणीची भाकर आणि सुकट वाढली.

कोणा पाहुण्या साहेबाचं चाकांवरचं घर मोखाड्याला न्यायचं होतं. लाकडी घर, आत पलंग, खिडकीला पडदा, सगळं मोटारीमागे जोडलेलं. सपाटीवर ठीक. उतारावर मात्र ते मागून मोटारीला ढकलणार. अशा जड गाडीच्या मागे आमच्याकडे बैल बांधतात. दोर शिंगांना असतो. बैल पाय रोवत, अंग मागे टाकत येतो आणि गाडीला आवरतो.

"काळ्याच पायजे," जिवा म्हणाला. "दुसऱ्या बैलाचं ते काम नाय."

"आन् मोटार धावली तर? भाताची चिखलणी तोंडावर हाय, जिवा."

"धावंल कशी? इंजिन चालू ठेवतो ना, लहान गिअरात. चढताना इंजिन वढतं, उतरताना तेच अडवतं. आपल्या गाडीचे बैल नाय का जू मागं रेटत? तसंच." त्यानं काळ्याच्या शिंगावर हात ठेवला. "इंजिन बंद करनार नाय. याची आन."

बैलाच्या शिंगावर हात ठेवून आमच्यात कोणी खोटं बोलत नाही. मी काळ्याला सोडलं.

निम्मा उतार छान गेला. इंजिन कण्हत होतं, काळ्या पाऊल तोलून टाकत होता, मी त्याच्या खांद्याशी होतो. तेवढ्यात खिडकीचा पडदा हलला. साहेब आत पलंगावर लवंडले होते.

"अरे ड्रायव्हर, केवढा हा गोंगाट! जरा डोळा लागू देशील की नाही?"

"जी साहेब!" जिवा पुढून ओरडला.

आणि इंजिन थांबलं.

मग नुसता चाकांचा आवाज. "जिवा!" मी बोंब मारली. घर सुटलं. काळ्यानं मान ताठ केली, खूर रोवले, खडी उडाली, आणि तो गुडघ्यांवर फरफटत गेला. मी कंबरेचा कोयता काढून दोर तोडला, पण उशीर झाला होता. जिवानं मोटार दरडीत घातली तेव्हा कुठे ते धूड थांबलं.

काळ्याचा पुढचा पाय मोडून लोंबत होता.

साहेब खाली उतरले. केस विस्कटले होते, तेवढंच. "काय झालं?"

"बैल बुजला, साहेब," जिवा म्हणाला.

"खोटं!" मी पुढे झालो. "यानं इंजिन बंद केलं. शिंगावर हात ठेवून बोलला होता!"

जिवा हसला. माझ्याकडे बघून नाही, साहेबांकडे बघून. "गाडीवाले हे, साहेब. यांना मोटारीतलं काय कळतंय?"

गाडीवाले! आणि याचा बाप काय विमान उडवत होता? पायताण तोंडावर मारलं असतं तरी मला एवढं लागलं नसतं.

काळ्या पुन्हा उठला नाही. ज्याची जोडी मोडते त्याचं शेत पडतं. राही रोज ढवळ्याला चारा घालायची आणि रिकाम्या खुंट्याकडे बघायचं टाळायची.

पाऊस यायच्या आत साहेबांना मुक्काम हलवायचा होता. जिवा पुन्हा अंगणात येऊन उभा राहिला. या वेळी राहीनं पाणीसुद्धा पुढे केलं नाही.

"देवराम, पुढं अजून येक उतार हाय. ढवळ्याला दे, गड्या."

मी ढवळ्याचा कासरा हातात धरला.

"या खेपेला इंजिन बंद नाय करत."

या खेपेला! म्हणजे मागच्या खेपेला केलं होतं. साहेबांपुढे जे निघालं नाही ते दुसरा बैल मागताना सहज तोंडातून निघालं, आणि त्याला स्वतःला त्याचा पत्तादेखील नव्हता. त्यानं ढवळ्याच्या शिंगाकडे हात नेला. मी कासरा ओढून बैलाचं तोंड फिरवलं.

"शिंगाला हात लावू नको," मी म्हणालो. "काळ्याच्या लावलास, तेवढा पुरे."