कावळ्यांचा कौल

लोकशाहीत जनता कधीच चुकत नाही, हे प्राध्यापक शरच्चंद्र मेहेंदळे यांनी राज्यशास्त्राच्या वर्गात आयुष्यभर शिकवलं. कर्वेनगरच्या वॉर्डातून सर्जेराव नगरसेवक झाला, त्या दिवशी त्यांनी हे मत मागे घेतलं.

सर्जेराव त्यांचाच विद्यार्थी. सरांनी त्याला राज्यशास्त्रात दोनदा नापास केलं होतं, आणि दोन्ही वेळा मनापासून. ‘राज्यपालाचे अधिकार सांगा’ या प्रश्नाला त्याने ‘भरपूर आहेत’ असं उत्तर लिहिलं होतं. पुढे पान कोरं.

असा विद्यार्थी निवडून आला, हेही सरांनी पोटात घातलं असतं. पण सोसायटीच्या गणपतीत त्याचा सत्कार झाला, तेव्हा तो माइकवर म्हणाला, “समोर माझे मेहेंदळे सर बसलेत. सरांनी मला राजकारणाच्या पेपरात दोनदा नापास केलं. म्हटलं, लिहून जमत नाय, तर करून बघू.”

मांडव हसला. सरांच्या शेजारी बसलेल्या मंदाकिनीबाईही हसल्या, तोंडाला पदर न लावता. तेव्हापासून हा विनोद सर्जेरावच्या प्रत्येक भाषणात यायला लागला. इस्त्रीवाल्याने तर एकदा कपडे देता देता आपुलकीने विचारलं, “सर, एकदा नापास करून भागलं नसतं का?”

सरांनी त्या दिवशी ठरवलं. या माणसात काडीचं कर्तृत्व नाही, हे भर गर्दीत सिद्ध करायचं. आणि तेही पुढच्या निवडणुकीच्या आत.

अडचण एकच होती, दीनानाथ. बँकेतून निवृत्त झालेले दीनानाथ रोज सकाळी बागेतल्या बाकावर सरांच्या शेजारी बसत आणि रोज विरुद्ध बोलत.

“काहीतरी गुण असल्याशिवाय लोक मागे जात नाहीत हो.”

“एक गुण सांगा. एकच.”

“माणसं सांभाळतो.”

“सांभाळायला माणसं म्हणजे म्हशी नव्हेत.”

“तुम्हाला सांभाळता येतात? सोसायटीच्या कमिटीला उभे होतात, तेव्हा अनुमोदन द्यायला कोण मिळालं?”

“तो विषय वेगळा.”

“मी मिळालो. आणि मत मीही दुसऱ्याला दिलं.” दीनानाथांनी शांतपणे चष्मा पुसला. “बरं, ते राहू द्या. दहाव्याचं काय म्हणणं आहे आपलं?”

दहाव्याचं सरांना सर्वांत जास्त झोंबत होतं. गावठाणात कुणी गेलं की दहाव्या दिवशी नदीच्या घाटावर पिंड ठेवतात. कावळा शिवला की गेलेला माणूस समाधानी. नाही शिवला, तर त्याची काही इच्छा राहिली असं धरतात, आणि मग घरचे हात जोडून शब्द देतात: धाकटीचं लग्न लावून देतो, भावाशी बोलायला लागतो. सर्जेरावने यात महापालिका आणली. तो उशिरा यायचा, पिंडासमोर उभा राहायचा आणि मोठ्याने म्हणायचा, “तात्या, तुमच्या आळीचं ड्रेनेज करून देतो. शब्द हाय.” की कावळा यायचा. सर्जेरावच्या शब्दाला कावळा शिवतो, हे वॉर्डात सर्वमान्य झालं होतं. जाहीरनामा त्याने कधी छापलाच नाही.

“मी अभ्यास केलाय,” सर म्हणाले. ते खरंच चार दहाव्यांना जाऊन पिंपळामागे उभे राहिले होते. “लोक पिंडाला खेटून उभे असतात, म्हणून कावळा बिचकतो. हा येतो, सगळ्यांना मागे हटवतो, डोळे मिटायला लावतो. सामसूम झाली की कावळा उतरतो. याला पक्ष्यांचा स्वभाव म्हणतात. नेतृत्व नव्हे.”

“इतकं सोपं आहे, तर आजवर दुसऱ्या कुणाला कसं नाही सुचलं?”

सर उठले. उत्तर नसलं की त्यांना घरी काम आठवत असे.

तेवढ्यात निवडणूक जाहीर झाली, अर्ज भरून झाले, आणि दत्तोबा वारले. दत्तोबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले जुने पैलवान. त्यांच्या दहाव्याला अख्खा वॉर्ड लोटणार होता. बातमी ऐकून सरांना वाईट वाटलं आणि लगेच बरंही वाटलं.

योजना साधी होती. भरल्या पोटी कावळा जागचा हलत नाही. दुसऱ्या दिवसापासून सर पहाटे कानटोपी घालून, फरसाणाची पिशवी घेऊन घाटावर जायला लागले. सुरुवातीला कावळे लांब बसले. मग जवळ आले. शेवटी शेवटी सर पुलाच्या अलीकडे दिसले, की ते आधीच कालवा करत सामोरे यायचे. आयुष्यात पहिल्यांदाच सरांच्या तासाला पूर्ण हजेरी लागत होती.

“अहो, आपल्याकडे फरसाण कुणी खात नाही,” मंदाकिनीबाई म्हणाल्या. “रोज आणता कुणासाठी?”

“संशोधन आहे.”

“तिखट असतं का ते?”

“मंदा, हे राजकीय संशोधन आहे.”

“मग तिखटच असेल,” म्हणून त्या भाजी निवडायला बसल्या.

दहाव्याच्या दिवशी सरांनी दोन पिशव्या रिकाम्या केल्या. कावळे तुडुंब होऊन पिंपळावर बसले. सरांनी घरी जाऊन आंघोळ केली, पांढरा सदरा चढवला, सवयीने कानटोपी खिशात घातली आणि परत येऊन गर्दीत मागे उभे राहिले. मनात एक वाक्य घोटून ठेवलं होतं. सर्जेराव तोंडावर पडला की पुढे व्हायचं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं: “सर्जेराव, आज तुला कावळ्यांनीसुद्धा नापास केलं.”

पिंड ठेवला. कावळे बसून राहिले. दत्तोबांच्या बायकोने, सोजरबाईंनी, हात जोडले. “नातवाला तालमीत घालते. या आता.” कावळ्यांनी माना वळवल्या.

सर्जेराव आला. नेहमीप्रमाणे लोकांना मागे सारलं, डोळे मिटायला लावले. “दत्तोबा, तुमच्या आळीचा रस्ता काँक्रीटचा करतो. शब्द हाय.”

काही नाही.

“बागेला तुमचं नाव देतो.”

एका कावळ्याने चोच फांदीला पुसली. सरांच्या अंगावरून मोरपीस फिरलं.

“तालमीला नवी माती टाकतो. वर पत्राबी नवा!” सर्जेरावचा आवाज चढला. मागे कुजबुज सुरू झाली. कुणीतरी म्हणालं, “मागच्या दोन शब्दांचं काय झालं, ते विचारीत असत्याल दत्तोबा.” हे वाक्य सरांना इतकं आवडलं, की आपलं वाक्य बदलावं का, असं त्यांना वाटून गेलं.

“अवो, काय ऱ्हायलंय तुमचं?” सोजरबाईंचा बांध फुटला. “माझ्यावर राग हाय का? सांगा की!”

ही आपल्या फरसाणाची करणी, असं सरांच्या मनात आलं. ते त्यांनी बाजूला सारलं. गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला होता. तो पिंडाला लावला की विधी संपणार आणि गर्दी पांगणार. बोलायचं ते आत्ताच. सर गर्दीतून वाट काढत पुढे आले. ऊन चढलं होतं, टाळू तापली होती. घाम पुसायला त्यांनी रुमालासाठी खिशात हात घातला. हातात कानटोपी आली. त्यांनी घाईत तिनेच कपाळ टिपलं, डोक्यावर घातली, घसा खाकरला आणि म्हणाले, “सर्जेराव—”

पिंपळ काळा होता, तो हिरवा झाला. सगळे कावळे एकदम उतरले. काही सरांच्या पायाशी नाचले, एक खांद्यावर बसून खिशात डोकावला, आणि बाकीच्यांनी पिंडाचा भात मिनिटभरात साफ केला.

 सोजरबाई पुढे आल्या आणि त्यांनी सरांच्या पायावर डोकं ठेवलं. “सर, तुमची वाट बघत होते वो ते.”

सरांचं वाक्य तसंच राहिलं. सर्जेराव मात्र सावरला होता. त्याने सरांचा हात धरून वर केला.

“बघा! माझे सर! मला दोनदा नापास केलं, पण दत्तोबांना एका हाकेत पास केलं!”

दहाव्याला हसू नये, म्हणून लोक हळू हसले.

दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला. वर सर्जेराव हात जोडून, खाली कानटोपीतले सर. नावाखाली ‘मार्गदर्शक’. मांजरी गावातून एकांचा फोन आला, परवा आमच्या मामांचा दहावा आहे, आपण याल का, गाडी पाठवतो.

बाकावर दीनानाथ आधीच येऊन बसले होते.

“बोला. काल घाटावर जे झालं ते कर्तृत्व की योगायोग?”

सरांनी पुष्कळ विचार केला. योगायोग म्हणावं, तर सोजरबाईंना काय सांगायचं? कर्तृत्व म्हणावं, तर ते सर्जेरावलाही द्यावं लागत होतं. आणि खरं सांगायचं, तर फरसाण सांगावं लागणार होतं. तेवढ्यात बागेच्या कुंपणावर एक कावळा येऊन बसला आणि ओळखीचं पाहायला लागला.

“मी प्रश्नाचीच मांडणी चुकीची मानतो,” सर म्हणाले.

“मी त्याला मत देणार आहे,” दीनानाथ म्हणाले. “तुमच्यामुळे.”

“मी विरोधात देणार,” सर दात आवळून म्हणाले. “एकटा राहिलो तरी देणार.”

दीनानाथांनी मांडीवरचं वर्तमानपत्र उलगडून त्यांच्यापुढे धरलं. कर्वेनगरच्या वॉर्डात दोनच अर्ज आले होते. दुसरा सर्जेरावच्या मेव्हण्याचा होता. काल दुपारी त्याने तो मागे घेतला. मतदान होणार नव्हतं.