कुलूप लावणारी बाई

माझ्या वडिलांनी मला खलनायिका ठरवलं, आणि तेही रीतसर, पुरावे देऊन. इतरांकडची म्हातारी माणसं विसरायला लागली की मुलीला बहीण समजतात, शेजारीण समजतात, फार तर कामवाली समजतात. आमच्याकडे असं साधंसुधं काही होणारच नव्हतं. बाबांनी जन्मभर कॉलेजात सिनेमा शिकवला. गोष्ट कशी चालते, सिनेमाची जात कशी ओळखायची, कशाच्या विरोधात काय उभं केलंय ते कसं शोधायचं, हेच त्यांचं काम. आणि हे काम ते कॉलेजात ठेवून घरी येत नसत, हे आमचं दुर्दैव.

आमच्या घरात एकही सिनेमा कुणी सरळ बघितला नाही. रंगात आलेला सिनेमा बाबा मध्येच थांबवायचे आणि दादाला नि मला विचारायचे, "सांगा, घडी कुठे विसकटली?" त्यांच्या मते प्रत्येक गोष्टीत आधी एक घडी बसलेली असते. मग ती विसकटते. विसकटल्याचं कुणाच्या तरी लक्षात येतं, कुणीतरी ती बसवायला निघतं, आणि शेवटी नवी घडी बसते, पहिल्यासारखी नव्हे, वेगळी. आम्ही उत्तरं शोधत बसायचो आणि आई वैतागायची. "अहो, पुढे जाऊ द्या. त्या पोरीचं लग्न होतं की नाही तेवढं बघू द्या मला," म्हणायची. बऱ्याच पोरींची लग्नं आईला शेवटपर्यंत कळली नाहीत.

बाबांचा सगळ्यात लाडका धडा भूमिकांचा. ते सांगायचे, पात्र दिसतं कसं, त्याच्या मनात काय आहे, ते बाजूला ठेवा. गोष्टीत ते करतं काय, एवढंच बघा. जो अडवतो तो खलनायक. जो सोडवतो तो नायक. अडवणारा मनाने देवमाणूस असला तरी गोष्टीला त्याच्याशी देणंघेणं नाही. मी पुढे त्यांच्याच कॉलेजात, त्यांच्याच जागेवर लागले आणि वर्षानुवर्षं त्यांचीच री ओढली. पोरांना हाच धडा मीही घोकून घेतला आहे. तो माझ्याच गळ्यात येईल असं वाटलं नव्हतं.

आई गेली, आणि मग बाबांचं एकेक जायला लागलं. घराचा पत्ता गेला. विद्यार्थ्यांची नावं गेली. आई गेल्याचंही गेलं, ते एका अर्थी बरंच झालं. माझं नाव गेलं, मग मी त्यांची मुलगी आहे हे गेलं. सिद्धांत मात्र जागच्या जागी राहिले, चुलीत गेले ते सिद्धांत. मला फार नको होतं. माणूस पुरता हातचा जायच्या आत त्यांनी एकदा, फक्त एकदा, मला आपली मुलगी म्हणून बघावं, एवढीच माझी मागणी होती.

कुलूप मी हौसेने लावलं नाही. एकदा बाबा जिना उतरून गेले ते थेट मालमोटारींच्या रस्त्यावर सापडले, पायात एकच चप्पल, आणि मोटारी हात दाखवून थांबवत होते. त्यानंतर मी दाराला आतून कुलूप घातलं. गॅसची बटणं काढून कपाटात ठेवली. दाढीचं पातं लपवलं. गोळ्या थुंकून टाकायला लागले तेव्हा मी त्या कुटून सूपमध्ये घालायला लागले. हे सगळं बाबा खुर्चीतून बघत होते. बाकी सगळं विसरले असतील, पण बघायचं कसं ते विसरले नव्हते.

एका दुपारी मी त्यांना भरवत होते. त्यांनी तोंड फिरवलं आणि अगदी सभ्यपणे म्हणाले, "बाई, एक विचारू? राग मानू नका. तुम्हाला माझ्याकडून नेमकं काय हवंय?"

"काही नको बाबा. चार घोट घ्या."

"कसं आहे, अडवणाऱ्या माणसाला काहीतरी हवं असतं. त्याशिवाय तो अडवत नाही. तुम्ही दार लावता, वस्तू लपवता, खाण्यात काहीतरी मिसळता. मला फक्त तुमचा हेतू सापडत नाहीये."

मी कॉलेजात शिकवायला गेले की बाबांना सांभाळायला एक बाई यायच्या. त्या बाईंना तर बाबांनी सरळ सांगितलं, "तुम्ही मुळात वाईट नाही. तुम्ही फक्त हस्तक आहात." बाई मला दारात विचारत होत्या, "ताई, हस्तक म्हणजे चांगलं की वाईट हो?" मी म्हटलं, माझ्यापेक्षा चांगलं.

रात्र रात्र मला ते 'बाई' टोचायचं. दुसरी कुणी असती तर डॉक्टरांकडे गेली असती, देवाला हात जोडले असते, मैत्रिणीच्या गळ्यात पडून रडली असती. मी काय केलं? मी सिनेमा काढला. म्हटलं, ह्या माणसाला दुसरी भाषा कळत नाही ना, मग त्याच भाषेत उत्तर देऊ. पुस्तकांच्या कप्प्यावर फोन उभा केला आणि आमचे दिवस टिपत गेले. मी त्यांची दाढी करते, नखं कापते, बुटाची नाडी बांधते, पावलांना तेल लावते, ते झोपले की पांघरूण सारखं करते. मग बसून ते नीट कापलं, जोडलं. त्यांचं ओरडणं, मला ढकलणं, ते सगळं काढून टाकलं. त्यांची शोभा होऊ नये म्हणून काढलं, असं मी मनाशी म्हटलं.

सुट्टी होती. बाहेरच्या खोलीतले पडदे ओढले, त्यांना टीव्हीसमोर बसवलं आणि सिनेमा लावला. बाबा हळूहळू ताठ झाले. मान जराशी तिरकी, बोटं हनुवटीवर. इतक्या दिवसांत मी त्यांना असं बघितलं नव्हतं. अर्ध्यावर मी थांबवलं आणि विचारलं, "सांगा सर, ही बाई कोण?"

"चांगला प्रयत्न आहे," ते म्हणाले. "पण भाबडा आहे. हा कॅमेरा कुणी लावला?"

"त्या बाईनेच."

"मग तिथेच निकाल लागला की. ज्याच्या हातात कॅमेरा तो स्वतःला चांगलाच दाखवणार. म्हातारा इतका वेळ पडद्यावर आहे, एक शब्द बोलतो का? त्याचं बोलणं कुणीतरी कापलंय. जोड दिसतात तिथे." ते उठून पडद्यापाशी गेले आणि बोट ठेवलं. "आता विरोध बघा. आत आणि बाहेर. म्हातारा सारखा कुठे बघतोय? दाराकडे. आणि बाई कुठे बघतेय?"

मी बघितलं. मी कॅमेऱ्याकडे बघत होते. नाडी बांधताना, तेल लावताना, प्रत्येक वेळी एकदा तरी माझी नजर वर गेली होती, नीट टिपलं जातंय ना ते बघायला.

"तुमच्या सिनेमाची जात चुकली," बाबा म्हणाले. आवाज वर्गातला, समजावणीचा. "तुम्ही घरगुती सिनेमा म्हणून दाखवताय. हा सुटकेचा सिनेमा आहे. एकदा जात ठरली की प्रेक्षक कुणाच्या बाजूने बसणार तेही ठरतं. सुटकेच्या सिनेमात पहारेकरी कितीही मायेने वागला तरी लोक त्याच्या बाजूने बसत नाहीत."

"मग शेवट काय होणार?" मी विचारलं.

"कुणीतरी येईल. बाहेरून."

मी टीव्ही बंद केला आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडले. राग त्यांचा आला नाही. राग ह्याचा आला की ते बरोबर बोलत होते. वर्गात कुणी पोराने असं उत्तर दिलं असतं तर मी त्याला पैकीच्या पैकी दिले असते.

आणि बाहेरून आला तो आमचा दादा.

दादा दुसऱ्या शहरात, चांगल्या नोकरीत. फोनवरून सल्ले द्यायला कायम तयार. आला तो बॅग दारातच टाकून बाबांकडे गेला. बाबांनी त्याच्याकडे टक लावून बघितलं आणि दोन्ही हात पुढे केले. "आलात तुम्ही," म्हणाले. "मी सांगत होतो हिला."

"बघ, ओळखलं मला," दादा म्हणाला. डोळ्यांत पाणी त्याच्या.

ओळखलं कसलं. त्यांनी नाव नाही ओळखलं, गोष्टीतली त्याची जागा ओळखली. पण हे मी बोलले असते तर जळते असं वाटलं असतं, आणि मी जळतच होते. दादाने कुलूप काढलं, त्यांना हात धरून बागेत नेलं, आइस्क्रीम खाऊ घातलं. बाबा हसत परत आले. मला बघून हसू गेलं. गोळ्या द्यायची वेळ माझीच होती ना.

"तू जरा जास्तच कडक झालीयेस," दादा रात्री जेवताना म्हणाला. "घाबरतात गं ते तुला. तुझं मला कळतं, तू दमलीयेस. पण माणूस आहे, कैदी नाही."

माझं डोकं फिरलं. "चार दिवसांचा पाहुणा आहेस तू. पाहुण्याला आइस्क्रीम परवडतं. इतकं वाटतंय तर घेऊन जा ना त्यांना."

"नेतो," तो म्हणाला. मला वाटलं होतं तो गप्प बसेल.

मीच बॅग भरली. गाडी दारात आली तेव्हा मी बाबांच्या गळ्याभोवती मफलर गुंडाळायला गेले. ते अंग चोरून मागे झाले, पटकन आत बसले आणि दादाला म्हणाले, "लवकर निघा. ती बघतेय." गाडी गेली. मी वर आले. घरात इतकं शांत होतं की फ्रिजचा आवाज नकोसा झाला. नवी घडी बसली होती, माझ्याशिवाय.

मग दादाचे फोन यायला लागले. आधी बढाईचे. छान रमलेत, वहिनीशी गप्पा मारतात. मग फोन कमी झाले. मग एक दिवस वहिनीच बोलली, दबक्या आवाजात. बाबा पहाटे लिफ्टने खाली जाऊन कुणाच्या तरी गाडीत बसून राहिले होते. आता दाराला कुलूप लावावं लागतं. सुऱ्या वरच्या फळीवर ठेवल्यात. गोळ्या थुंकतात, म्हणून सूपमध्ये. दादाचे डोळे खोल गेलेत, रात्री तोच त्यांच्या खोलीत झोपतो. मी ऐकत होते आणि, लपवून काय करू, मला बरं वाटत होतं.

तेवढ्यात पलीकडे काहीतरी झटापट झाली आणि फोनवर बाबा आले.

"हॅलो. तिथे माझी मुलगी असते. तिला बोलवता का?"

मी फोन दोन्ही हातांनी धरला. "मीच बोलतेय बाबा."

"हळू बोल," ते म्हणाले. "इथे एक माणूस आहे. मला बाहेर जाऊ देत नाही. खाण्यात काहीतरी घालतो. तू ये. तुझ्याशिवाय मला इथून कुणी काढणार नाही, मला माहितेय. येशील ना गं?"

"येते बाबा. निघालेच."

किती दिवसांनी त्यांनी मला 'गं' म्हटलं. मी हसत होते, रडत होते, कपाटातून बॅग ओढत होते. दोन साड्या घातल्या, टूथब्रश घातला. कॉलेजला कळवायचं, तिकीट बघायचं, सगळं डोक्यात भराभर चाललं होतं. त्यांना घरी आणायचं. दारात गाडी थांबेल, ते माझा हात धरून उतरतील, आम्ही वर येऊ. मग मी दार लावून घेईन.

तिथे माझे हात थांबले.

दार तर लावावंच लागणार. मग गोळ्या. मग पातं, मग गॅसची बटणं. दोन दिवस, फार तर तीन, आणि त्यांची मान तिरकी होईल, बोटं हनुवटीवर जातील. त्यांची मुलगी कुठेतरी दूर आहे, ती सोडवायला येणार आहे. मी गेले की ती मुलगी संपली. पुन्हा मी बाई.

मी बॅग रिकामी केली. साड्यांच्या घड्या तशाच होत्या.

आता रोज संध्याकाळी फोन येतो. बाबा दादाच्या हातातून तो हिसकावूनच घेतात म्हणे. "निघालीस का?" विचारतात, आणि मी सांगते, "निघाले बाबा, वाटेत आहे." त्यांना कालचं आठवत नाही, त्यामुळे मी उशीर करते असं त्यांना कधी वाटत नाही. रोज पहिल्यांदाच विचारतात. "ये, ये. मी तयार होऊन बसलोय," म्हणतात. त्या आवाजात इतकी माया असते की मी दिवसभर त्याच्यावर निभावते. वहिनी सांगते, खरंच बसतात, बूट घालून, दाराकडे तोंड करून. झोपायला उठत नाहीत. पावलं सुजलीत.

मग फोन दादाकडे जातो. तो आता माझ्याशी भांडत नाही. दमलेल्या आवाजात एवढंच विचारतो, "खरं सांग, कधी येतेस? मला एकट्याला होत नाही गं आता." त्याला मी कॉलेजच्या परीक्षांचं कारण सांगते.