डाव्या बुटाची साक्ष

मी डावा बूट बोलतोय. रस्त्यावर चालायचा नव्हे, बर्फावर घसरायचा. पांढऱ्या कातड्याचा, घोट्याच्या वरपर्यंत येणारा, तळाला पोलादी पातं असलेला. माझा जोडीदार उजवा. आम्ही एकाच खोक्यातून आलो, पण नशीब वेगवेगळं. उडी मारून बर्फावर उतरतो तो उजवा, म्हणून टाळ्या त्याच्या वाट्याला. बऱ्याचशा उड्या सुटतात माझ्यावरून, आणि सुटताना कोण बघतं?

आमच्या पात्याबद्दल दोन शब्द आधीच सांगतो, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. पातं सुरीसारखं एका धारेचं नसतं. त्याला मधोमध उथळ पन्हळ असते आणि दोन बाजूंना दोन कडा, एक आतली, एक बाहेरची. अंग जिकडे झुकेल तिकडची कड बर्फाला चावते. फ्लिप नावाची उडी माझ्या आतल्या कडेवरून मारतात, लुट्झ बाहेरच्या. दिसायला दोघी सख्ख्या बहिणी. पण लुट्झमध्ये अंग एकीकडे झुकलेलं आणि गिरकी दुसरीकडे, म्हणून ती अवघड, आणि म्हणून तिला गुण जास्त.

मला भिंगरीच्या मामाने आणलं. भिंगरी हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी एका जागी उभी राहायची नाही म्हणून मामानेच ते ठेवलं, आणि शाळेच्या हजेरीपटाबाहेर सगळीकडे तेच चिकटलं. मामा स्केटिंगच्या रिंकवर कामाला होता. बर्फाखालच्या नळ्या, पाणी गोठवणारी यंत्रं, सगळं त्याच्या हाताखाली. मागच्या खोलीत पात्यांना धार लावायचं चाक होतं, तेही तोच चालवायचा. भिंगरीची आई शिवणकाम करायची. तिघं एकत्र राहत. स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या एका टोकाला शिलाई मशीन, दुसऱ्या टोकाला जेवणाची ताटं, असा सगळा संसार.

त्या टेबलाखाली आम्हाला वाळत ठेवायचे. त्यामुळे बहीण-भावाची झाडून सगळी भांडणं मी ऐकली. विषय एकच.

"ताई, उडी बघ, उडी! केवढी उंच गेली. बाकी सगळं म्हणजे नुसतं हात हलवणं."

"हात हलवणं? गाणं रडतंय आणि पोरीचे खांदे बस पकडायला निघाल्यासारखे. त्याला काय अर्थ आहे?"

"गुण उडीला असतात."

"मग पंच कशाला बसवता? माझी मोजपट्टी घेऊन जा."

असं चालायचं. भांडता भांडता मामा तिच्या ताटात वाढायचा आणि ती त्याच्या शर्टाचं सुटलेलं बटण टाचून द्यायची. भिंगरी मधे बसून दोघांकडे आळीपाळीने बघत जेवायची.

आता भिंगरीची खोड सांगतो. लुट्झच्या आधी ती लांबलचक वळण घेत मागे मागे यायची, मस्त बाहेरच्या कडेवर. मी म्हणायचो, शाब्बास. आणि ऐन सुटायच्या क्षणी तिचा घोटा आत पडायचा. पापणी लवायच्या आत मी आतल्या कडेवर. उडी उंच जायची, उजवा झोकात उतरायचा, बघणारे खूश. पण ती लुट्झ नव्हती.

कोचबाई रोज टोकायच्या. "भिंगरे, तुझी लुट्झ म्हणजे वेष पालटलेली फ्लिप आहे. वरची मिशी काढली की ओळखू येते."

भिंगरी हसायची आणि पुन्हा तेच करायची. कारण बाहेरच्या कडेवरून सुटायचं तर भीती वाटते. वाटतं, आता पाठीवर आपटणार. ती भीती मला तिच्या घोट्यातून कळायची.

आणखी एकाला सगळं ठाऊक होतं. मामाला. तोच मला चाकावर धरायचा. माझी आतली कड लवकर बोथट व्हायची, बाहेरची तशीच करकरीत. अंगठा फिरवून तो क्षणभर थांबायचा, आणि काही न बोलता धार लावून द्यायचा. लाडक्या भाचीला कोण दुखवणार?

त्या वर्षीची स्पर्धा मोठी होती. जिंकेल ती एकटीच सहा आठवड्यांच्या सराव शिबिराला जाणार होती. भिंगरीच्या तोडीची एकच होती, सरावाच्या वर्गातल्या सगळ्यांपेक्षा वीतभर उंच असलेली एक मुलगी. तिच्या उड्या बेताच्या, पण एकूण एक स्वच्छ.

भिंगरी उतरली. गाणं सुरू झालं, आणि खरं सांगतो, त्या दिवशी तिच्या अंगात काहीतरी वेगळं होतं. मधल्या संथ भागात तिने एक पाय उचलून असं काही लांब वळण घेतलं, की माझ्याखालचा बर्फ आवाजसुद्धा करेना. मग लुट्झ आली. मागे, मागे, बाहेरची कड, बाहेरची कड... आणि घोटा पडला. उडी झाली. टाळ्या झाल्या.

पंचांनी लुट्झचे पुरते गुण दिले. भिंगरी पहिली आली, अर्ध्या गुणाहूनही कमी फरकाने. बाकावर आमच्या शेजारीच ती उंच मुलगी बूट सोडत होती. तिच्या नाड्यांची गाठ सुटेना, कारण डोळ्यांतल्या पाण्याने तिला दिसत नव्हतं.

घरी आल्यावर मामाने फोनवर घेतलेलं चित्रण लावलं. पहिल्यांदा तिघांनी मिळून पाहिलं. दुसऱ्यांदा मामाने लुट्झपाशी थांबवलं, अजून कौतुक करावं म्हणून. चित्र थिजलं. मामाही थिजला.

"चार्जिंग संपलं वाटतं," तो म्हणाला आणि फोन उपडा ठेवला.

"मामा, लाव परत," भिंगरी म्हणाली.

"कशाला? जिंकलीस ना?"

"आतली कड होती. मला माहीत आहे. तुलाही माहीत आहे."

आईने शिवण बाजूला ठेवली. "म्हणजे काय रे?"

मामाने सांगितलं. आवाज बारीक करून, चोरी पकडली गेल्यासारखा. मग एकदम आवाज चढवून म्हणाला, "पण गुण पंचांनी दिले. आपण त्यांच्या खिशातून काढले का?"

"आणि तिचा तो संथ भाग?" आई म्हणाली. "त्याला किती कमी दिलेत, बघितलंस? त्याबद्दल कोणी बोललं?"

"मी बोलणार आहे," भिंगरी म्हणाली. "उद्या. दोन्हींबद्दल."

पंचांपैकी एक बाई गावातच होत्या. त्यांचं दुकान होतं, आणि तेही कसलं? चष्म्यांचं! मामाला तिथे जाताना हसावं की रडावं कळेना. सरावाला जायचं होतं म्हणून आम्हीही पिशवीत होतो, आणि पिशवी काउंटरवर. त्यामुळे सगळं ऐकू आलं.

चष्मेवाल्या बाईंनी चित्रण चार वेळा पाहिलं. एकदा आपला चष्मा काढून, एकदा लावून.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "तुझी उडी एवढी उंच गेली, की मी वरच बघत राहिले. खाली बघायचं राहून गेलं."

"मग आता?"

"आता काही नाही. निकाल लागला, तो बदलत नाही. पण आलीच आहेस तर दुसरंही ऐक. तुझ्या कलेचे गुणही मी चुकवले. ही उड्यांची पोरगी, असं मनात धरून लिहून टाकलं. तो मधला भाग नंतर घरी आठवत राहिला मला."

"मग मी खरी पहिली की दुसरी?"

बाईंनी चष्मा काउंटरवर ठेवला. "खरंच माहीत नाही, बाळ. कागदावर पहिली. उडी खोटी, वळण खरं. बेरीज करायला मी पुन्हा बसले, तर पुन्हा वेगळीच येईल."

बाहेर पडताना मामाने भिंगरीच्या हातातली पिशवी आपल्या खांद्यावर घेतली.

रिंकवर पोहोचल्या पोहोचल्या भिंगरी त्या उंच मुलीकडे गेली आणि सगळं सांगून मोकळी झाली. मला वाटलं, आता गळाभेट होणार. कसली गळाभेट!

"तुला माहीत होतं, तर मारलीस कशाला?" ती मुलगी म्हणाली. "उड्यांची यादी आधी देतो ना आपण, त्यात फ्लिप म्हणून लिहून द्यायची होतीस. आता सांगून तुला बरं वाटलं. मला काय मिळालं?"

भिंगरी बाकावर बसली आणि माझ्या नाड्या बांधू लागली.

भिंगरी शिबिराला गेली, आणि सहा आठवडे एकच काम केलं. बाहेरची कड. माझी अवस्था विचारू नका. ती पाठीवर आपटली, कुशीवर आपटली, एकदा कठड्यावर. घोट्यापाशी माझ्या कातड्याला चिरा गेल्या. शिबिरातली पोरं नवनव्या उड्या शिकत होती आणि ही एका जुन्या उडीपायी निळीजांभळी होत होती. घरी फोन केला की आई विचारायची, "कुठे लागलं?" आणि मामा मागून ओरडायचा, "कुठल्या कडेवर लागलं?"

आम्ही परत आल्यावर मामाने मला चाकावर धरलं. दोन्ही कडांवर अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. आता बाहेरचीही बोथट झाली होती. मग हातमोजा काढून डोळे पुसले आणि चाकाची धूळ उडाली म्हणून चाकालाच शिव्या दिल्या.

पुढच्या वर्षी स्पर्धा आली. भिंगरी लुट्झला आली. मागे, मागे, बाहेरची कड, आणि सुटली. उडी ठेंगणी झाली. उतरताना उजवा डळमळला, हात बर्फाला टेकता टेकता राहिला. पण झाली.

पंचांच्या कागदावर त्या उडीपुढे लिहून आलं: कड शंकास्पद. गुण कापले. भिंगरी तिसरी, उंच मुलगी पहिली. शंका लिहिली होती चष्मेवाल्या बाईंनीच.

त्या स्वतः बाकापर्यंत आल्या. "मला नीट दिसलं नाही," त्या म्हणाल्या. "या खेपेला नजर खालीच होती. तरी ठरवता येईना. म्हणून शंका लिहिली."

"बरोबर केलंत," भिंगरी म्हणाली, आणि हसली. अगदी मोकळं हसली.

मामाचा मात्र भडका उडाला. "शंका? हिची उडी जाऊ द्या हो, पण तो संथ भाग बघितलात का? ते हात! ते खांदे! कलेला काही किंमत आहे की नाही?"

"कला राहू दे," आई तितक्याच जोरात म्हणाली. "कड बाहेरचीच होती. मी खाली बघत होते. शिलाईचा टाका कुठे पडतो ते मला कळतं, तर हे कळणार नाही?"

दोघं एकमेकांकडे बघतच राहिले. मग पुन्हा भांडू लागले.

उंच मुलगी पदक गळ्यात घालून जवळून गेली. थांबली. "मला बाहेरची वाटली," एवढंच म्हणाली आणि गेली.

आता भिंगरीचा पाय वाढलाय. माझं पातं घासून घासून इतकं उरलंय, की मामा म्हणतो आणखी एक धार, फार तर दोन. कातडं घोट्यापाशी मोडलंय. परवा तिने माझ्या नाड्या काढून घेतल्या, जीभ पुसली आणि मला फडताळात ठेवलं. शेजारी उजवा आहे, अजून टाळ्यांच्या गोष्टी सांगतो.

तुम्हीही कधीतरी कुणाला गिरक्या घेताना बघाल. जरूर भांडा, गुणांवरून भांडा, उडी मोठी की वळण मोठं यावर ताटं गार होईपर्यंत भांडा. ते प्रेमच असतं, मी टेबलाखालून ऐकलंय. पंचांवर चिडा, पण त्यांचे डोळेही दोनच असतात हे असू द्या मनात.

दुसऱ्या वर्षीच्या त्या उडीचं चित्रण अजून त्या घरात चालू आहे. थांबवून बघतात, मोठं करून बघतात, पण त्या कोनातून कळतच नाही. मला कुणी विचारत नाही. म्हणून जाण्याआधी तुम्हाला सांगून ठेवतो.

बाहेरचीच होती. केसाइतकी, पण बाहेरचीच.