बकरमातून गाळलेला काढा

टेलर मास्तरांनी दुकान मुलीच्या हवाली केलं आणि परसात म्युलिन नावाचं परदेशी औषधी झाड लावलं. बियांच्या पाकिटावर लिहिलं होतं, खोकल्यावर गुणकारी. पहिलं वर्षभर ते लोकरीसारखी पानं पसरून नव्या जावयासारखं नुसतं बसून राहिलं. दुसऱ्या वर्षी त्याने सोट्यासारखा एकच फुलोरा वर काढला, तो थेट कपड्यांच्या दोरीला भिडला. वाळत घातलेल्या चादरींवर पिवळी फुलं पडू लागली आणि बायकोचा पारा चढला.

"शनिवारी मी ते उपटणार," तिने जाहीर केलं. "दोन वर्षं पोसलंत. कुणाचा एक खोकला तरी गेला?"

दुकान सुटल्यापासून मास्तरांवाचून कुणाचं काही अडत नव्हतं, अडायचं ते ह्या झाडाचंच.

नेमका त्याच आठवड्यात ताईचा घसा बसला. ताई म्हणजे मास्तरांची थोरली बहीण, बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करणारी. एकतीस वर्षांत गाड्या कधी वेळेवर आल्या नाहीत, पण ताईचा आवाज कधी अडखळला नाही. शुक्रवारी तिची निवृत्तीपूर्वीची शेवटची पाळी होती, आणि गुरुवारी ती वाक्यागणिक खोकत होती.

मास्तरांनी लगेच पानं उकळली. पाकिटावर ठळक सूचना होती: कापडातून गाळा, नाहीतर पानांवरची लव घशाला टोचते. चाळीस वर्षं कापडात घालवलेल्या माणसाला हे सांगायचं! त्यांनी ड्रॉवर उघडला, हाताला लागलं ते पांढरं कोरं कापड घेतलं आणि काढा गाळला.

"फार दाट आहे रे," ताई म्हणाली.

"अस्सल आहे म्हणून. गीळ मुकाट्याने."

पाळीला जाईपर्यंत तिने चार पेले रिचवले.

शुक्रवारी नवरा-बायको बसस्थानकाच्या भोंग्याखाली बाकावर बसले. ताईने शेवटची गाडी पुकारली, थांब्यांची सगळी नावं घेतली, प्रवाशांचे आभार मानले. एकदाही खोकली नाही. मास्तरांना रडू आलं. अर्धं ताईसाठी होतं, अर्धं झाडासाठी, आणि त्यांना त्याची लाज वाटली नाही.

"राहू दे तुमचं झाड," बायको नाक मुरडत म्हणाली.

शनिवारी सकाळी तिला मोरीत ते कापड सापडलं. तिने ते बोटांत धरून हलवलं. "अहो, हे कॉलरमध्ये घालायचं बकरम ना? ह्याची खळ कुठे गेली?"

मास्तरांचा चेहरा पडला. खळ कुठे गेली आणि ताईचा घसा कशाने मऊ पडला, ते त्यांना तिने विचारताक्षणी कळलं होतं.

तेवढ्यात फोन वाजला. बायकोने उचलला. पलीकडून ताईचा खणखणीत आवाज मोरीपर्यंत ऐकू आला, "काय गुण आहे गं त्या झाडाला!"

बायकोने एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा लुळ्या चिंधीकडे.

"झाडाचाच गुण हो, वन्सं," ती म्हणाली आणि फोन ठेवला. मग चिंधी मास्तरांच्या हातात दिली. "दोरी पलीकडे बांधा. आणि दुकानातून दोन मीटर बकरम आणून ठेवा. झाडाला लागतं."