शेजाऱ्यांच्या डोक्यावरून

वाल्मीकनं ड्रोन घेतल्यापासून कासारसाईत त्याचा रुबाब काही विचारू नका. धरण, ऊस, देवळाचा कळस, सगळ्यांवरून त्याची फेरी व्हायची. आता तो लेकीकडे जर्मनीला निघाला होता आणि बॅगेत कपड्यांच्या आधी ड्रोन गेला होता. गुडघेदुखीमुळे बायको लीलाबाई मागेच राहणार, म्हणून लेकीचं घर वरून टिपून आणायचा शब्द त्यानं तिला दिला होता. तो गेल्यावर ती एकटी पडणार, ही एवढी एकच काळजी त्याला होती. शेजारची तुळजाबाईही हल्ली तिच्याशी बोलेनाशी झाली होती. का, ते त्यानं कधी विचारलं नव्हतं.

फोनवर लेक अपेक्षा म्हणाली, "आप्पा, हितं तसाच आणून उडवता येत न्हाई. आधी नाव नोंदवायचं, विमा काढायचा."

"काढू की."

"आन् दुसऱ्याच्या घरावरनं न्यायचा तर त्याला इचारावं लागतं. मी शेजारच्या आजोबांना इचारलं. ते नको म्हणाले."

वाल्मीकच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "त्याचं काय जातंय? मी काय त्याची कौलं काढून नेतोय?"

"ते बागेत उघड्या अंगानं ऊन खात बसत्यात. वरनं कुणी बघतंय म्हणल्यावर बसवत न्हाई म्हणाले."

फोन ठेवला तरी त्याची धुसफूस थांबेना. लीलाबाई तांदूळ निवडत होती. मान वर न करताच ती म्हणाली, "तुळजाबाईनं मागं ताडपत्री कवा बांधली, ठाव हाय का?"

वाल्मीकनं खिडकीतून पाहिलं. शेजारच्या परसात, तुळजाबाई न्हाऊन केस वाळवत बसायची त्या जागेवर निळी ताडपत्री ताणलेली होती.

"उन्हासाठी आसंल," तो म्हणाला.

"भर थंडीत बांधली. तुमचं यंत्र आलं त्याच आठवड्यात. तवापासनं भिंतीवरनं हाक न्हाई का काय न्हाई."

वाल्मीक चांगलाच ओशाळला. ज्या म्हाताऱ्यावर तो इतका उखडला होता, त्यानं निदान तोंडानं नको म्हटलं होतं. तुळजाबाईला तर कुणी विचारलंच नव्हतं.

तो तडक तिच्या दारात गेला. "वैनी, तुमच्या घरावरनं ड्रोन नेलेला चालंल का?"

तुळजाबाईनं त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "आत्ता इचारताय व्हय?"

"चुकलंच माझं."

"न्हाई चालायचं."

"बरं. न्हाई नेणार."

घरी येऊन त्यानं बॅगेतून ड्रोन काढला आणि कपाटात ठेवला. "तितं मी अपेक्षाच्या अंगणातनं चालत फिरीन, फोनवर दाखवीन तुला," तो म्हणाला.

सकाळी ताडपत्री गुंडाळून कोपऱ्यात टाकलेली होती. भिंतीपलीकडून हाक आली, "लीले, उठलीस का गं?"

चहा तसाच गॅसवर टाकून लीलाबाई परसात धावली. गुडघ्यांचं नाव तिनं दिवसभरात एकदाही काढलं नाही.