टेंभुर्णीहून मी पायी आले

मित्रांनो, मी एक जुनी बी चाळायची मशीन आहे, आणि पुढे सांगणार आहे ते तुमच्यापैकी एकालाही पटणार नाही. नका पटवून घेऊ! मी टेंभुर्णीहून जालन्यापर्यंत माझ्या चार लोखंडी पायांनी चालत आले.

आधी माझा राग ऐका. धर्मराज सेठच्या जालन्यातल्या बियाणे कंपनीत मी बावीस वर्षं सोयाबीन, हरभरा चाळला. आसराबाई धरून चाळीस बाया माझ्या तोंडात पोती ओतायच्या. दर खंडेनवमीला सेठ स्वतः रंगाचा ब्रश घ्यायचा, माझ्या पोटावर स्वस्तिक काढून खाली ते साल लिहायचा. "लक्ष्मी आहे आमची," म्हणायचा.

मग कंपनी बुडाली. बायांची सात महिन्यांची मजुरी बुडाली. सेठचा मेहुणा कल्याण तेवढा कोरडा राहिला! दिवाळं निघायच्या तीन महिने आधी सेठने त्याचं 'जुनं उसनं' फेडायचं म्हणून मलाच त्याच्या टेंभुर्णीच्या शेडात नेऊन टाकलं. लक्ष्मीवर ताडपत्री! उंदरांनी माझा पट्टा खाल्ला.

बुडालेल्या कंपनीची मालमत्ता गोळा करायला न्यायाधिकरणाने शीतल मॅडमना नेमलं. दिवाळ्याआधीच्या दोन वर्षांत घरच्या माणसाला असा दिलेला माल परत आणता येतो, आणि तो विकून मजुरीही देता येते. सेठला हे ठाऊक होतं. त्याने मला दिल्याच्या कागदावर तारीख घातली पाच वर्षांपूर्वीची.

मॅडम शेडात आल्या, मला ओळखायला आसराबाईला घेऊन. सेठ आणि कल्याण दारातच उभे होते. तिने पदराने माझं पोट पुसलं.

"हे बघा म्याडम. बावीस सालं. शेवटचं गेल्या दसऱ्याचं, कंपनीतच काढलेलं. अक्षर सेठचं."

कल्याण सेठवर खेकसला, "दाजी, हे खरडायचं न्हाई व्हय?"

"पूजेचं खरडू? देवाचा कोप घेऊ?" सेठ पुटपुटला.

"अन् बायांचा तळतळाट चालतो व्हय?" आसराबाई म्हणाली.

न्यायाधिकरणाचा हुकूम आला : मशीन परत करा. कल्याणने हमाल मिळू दिले नाहीत. मग काय मित्रांनो, मी ताडपत्री झटकली, दाराला लाथ घातली आणि निघाले! चढावर उसाचा ट्रॅक्टर अडकला होता, तो ढकलून दिला. भोकरदनच्या एसटीला मागे टाकलं. कंडक्टर तोंड उघडं टाकून बघत राहिला. आता उद्या माझा लिलाव. तेव्हा मुलांनो, यंत्रांना जपा, तेल द्या, कारण आपल्या हिमतीवर घरी परतणारं यंत्र...

"ए फेकाडे!" आसराबाई मागून ओरडली. "आम्ही चाळीस जणींनी दोर लावून तुला ट्रॅक्टरवर चढवलं. हा बघ अंगठा, अजून सुजेल हाय. तुला चालता येत व्हतं, तर आमची मजुरी पोटात दाबून वर्षभर त्या शेडात कशाला बसलीस?"