दहा दिव्यांची पट्टी

सुग्रीवने शेवटच्या दिव्याला डाख दिला, फुंकर मारली आणि सेन्सरची वायर बर्फाच्या पेल्यात सोडली. पट्टीवरच्या दहा बारीक दिव्यांपैकी एकच लागला. तीच वायर त्याने चहाच्या कपात बुडवली, तसे एकेक करत दहाही लागले. युसूफ वडगाव या गावातल्या त्याच्या दुकानात आजवर बिघडलेले टीव्ही नि मिक्सर तेवढे यायचे. स्वतःची अक्कल लावून केलेली ही पहिलीच वस्तू, त्यामुळे गडी भलताच खूश होता.

पट्टी गावच्या दूध संस्थेसाठी होती. दुष्काळामुळे निम्मी जनावरं चारा छावणीत, दूध आधीच कमी, त्यात वीज गेली की टाकीतलं गार दूध कोमट व्हायचं. पट्टीचा हिशेब सोपा होता. दूध जितकं गरम, तितके दिवे जास्त. दिवे पाचाच्या वर गेले की जनरेटर सुरू करायचा. पट्टीला बॅटरी होती, म्हणजे वीज गेली तरी ती चालू राहणार.

अध्यक्ष विठ्ठलरावांनी नारळ फोडला. सुग्रीवने संचालकांना सगळं समजावून सांगितलं, माना डोलल्या. टाकी सांभाळणारी सारजाबाई तेव्हा मागे चहा करत होती. आजवर ती टाकीवर तळहात ठेवून दुधाचा अंदाज घ्यायची. चहा घेता घेता विठ्ठलरावांनी तिला बजावलं, "आता हात लावायचा न्हाई. दिव्यांकडं ध्यान ठिवायचं."

तिने ध्यान ठेवलं. दोन-चार दिवसांनी भर दुपारी वीज गेली, ती संध्याकाळपर्यंत आलीच नाही. सारजाबाई पट्टीसमोर बसून होती. टाकीतलं सगळं दूध नासलं.

"जनरेटर कावून चालू केला न्हाई?" बैठकीत विठ्ठलरावांनी तिला विचारलं.

"मालक, सगळे दिवे लागलेले हुते. मला वाटलं, समदं बेस हाय."

"पाचाच्या वर गेले की दूध तापलं, एवढंबी कळंना तुला?"

सारजाबाई पदराचं टोक धरून उभी राहिली. पाचाची गोष्ट तिच्या कानावर पहिल्यांदाच पडत होती. संचालक हसले. हसण्यासारखं त्यात काय होतं, देव जाणे. ज्या गावात वीज अशी पाहुण्यासारखी येते, तिथे सगळे दिवे लागलेले बघून कुणालाही बरंच वाटणार.

विठ्ठलराव सुग्रीवकडे वळले.

"तुझी पट्टी चालली का न्हाई, तेवढं सांग."

सुग्रीवने सारजाबाईकडे पाहिलं. तिचं घर याच कामावर चालायचं, हे त्याला ठाऊक होतं. चहाच्या वेळी आपण तिला हाक मारली नाही, हेही ठाऊक होतं. पण आजूबाजूच्या संस्थाही पट्ट्या घेणार, असं विठ्ठलराव कालच बोलले होते.

"चालली," तो म्हणाला.

त्यात खोटं काहीच नव्हतं. तरी त्याला स्वतःची लाज वाटली.

"मग झालं तर. उद्यापासून हिच्या जागी भिवराबाई येईल."

सकाळी दुकान न उघडताच सुग्रीव संस्थेत गेला. भिवराबाई टाकीजवळ झाडत होती.

"मावशी, जरा इकडं या. हे दिवे कसे बघायचे, ते सांगतो."

"ठावं हाय की. जास्ती लागले की दूध तापलं. पाचाच्या वर गेले की जनरेटर."

"कुणी सांगितलं?"

"सारजानं. काल घरी आलती."

"सारजाबाई? तुमच्या घरी?"

"व्हय. मनली, तुला कुणी सांगायचं न्हाई, मनून मीच आले." भिवराबाईने केर एका बाजूला लोटला. "तुमी कशाला आलता, भाऊ?"

"सहजच," सुग्रीव म्हणाला.